लांब बाह्यांचा स्वेटर

६ डिसेंबर १९८७

कळव्याहून आमचे व्याही आले होते, धाकूदादा. सुनेला, त्यांच्या रतनला, तिसरा महिना लागलाय ही बातमी त्यांना भिंतीपलीकडच्या जनाबाईने बाजारात मासळी घेता घेता सांगून टाकली. मी सांगायच्या आधी! या बाईचं तोंड एकदा जाड लोकरीने शिवून टाकायला हवं.

धाकूदादांनी सुके बोंबील आणले आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधलेली एक कुंची. रतनच्या पणजीने हाताने शिवलेली. लाल खणाचा रंग आता चहासारखा झालाय, पण कडेने रेशमाचे खवले भरलेत ते जसेच्या तसे आहेत. पापलेटाच्या नाही, जिताड्याच्या अंगावर असतात तसे मोठे, एकावर एक चढलेले, आणि प्रत्येक खवल्याच्या पोटात जरीचा एक ठिपका. मी चष्मा लावून बघतच बसले. इतकी वर्षं विणकामाचा क्लास घेते, नमुन्यांच्या पुस्तकांची पानं झिजली, पण ही वीण कधी बघितली नव्हती.

"आमच्यात पोराला पयलं नवं घालत नाय," धाकूदादा म्हणाले. "हीच घालायची. रतनलापन हीच घातलेली."

आमच्यातही तेच. तान्ह्याला आधी जुनं, वापरलेलं.

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच शिजायला लागलं. एप्रिलात ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या महिला मंडळाचं प्रदर्शन आहे. यंदाचा विषय, जुन्या वस्त्रावरून नवं विणकाम. सगळ्याजणी पैठणीचे मोर विणून आणतील. मी कोळ्यांच्या कुंचीचे खवले लोकरीत उतरवणार. स्वेटर करायचा, रतनच्या मापाचा. बघू दे ठाणेकरणींना.

संध्याकाळी सुधीर कारखान्यातून आला. कुंची दोन बोटांनी उचलून म्हणाला, "हे मच्छीचं फडकं कशाला घरात?" रतनने ती घडी घालून ठेवली. मला हसू आलं. स्वतः पसंत करून आणलेली कोळ्याची पोर, आणि नखरे बघा. जीभ माझीच घेतलीय त्याने.

१४ डिसेंबर

लोकरीच्या टोपलीत उंदीर शिरला होता. निळ्या लोकरीचा पार भुगा केला मेल्याने. मी दार लावून घेतलं आणि कोळशाच्या फावड्याने त्याला कोपऱ्यात गाठला. तीन फटक्यांत गेला. भिंतीवर शिंतोडे उडाले ते रतनने पुसले. पुसताना फडकं दोनदा हातातून पडलं. उंदराला घाबरणारी पोर, मुलाला कशी वाढवणार कोण जाणे.

सकाळी नळावर दुसरं महाभारत. चाळीच्या टोकाचा दौलत रांग मोडून पुढे घुसला. सुधीरने त्याला एकदाच सांगितलं. नंतर त्याची बादली घेऊन त्याच्याच तोंडावर हाणली. दौलतचा पुढचा दात पडला, रक्त नळाच्या पाण्यातून गटारापर्यंत गेलं. बायका किंचाळल्या. मी आत आल्यावर सुधीरला ओरडले, पण मनात म्हटलं, बरं झालं. बाप नसलेल्या पोराला लोक चिरडतात. माझं पोरगं कोणाचं ऐकून घेत नाही.

२७ डिसेंबर

खवले जमले! दोन टाके एकत्र, धागा पुढे, आणि तिसऱ्या ओळीत मागच्या ओळीतला टाका उचलून वर चढवायचा. म्हणजे एका खवल्यावर दुसरा बसतो. चार वेळा उसवलं. पाचव्या वेळी हाताने आपणहून वाट धरली. जरीच्या ठिपक्यासाठी पिवळ्या लोकरीची गाठ. अंग गर्द निळं.

माझा धाग्याचा ताण नेहमी एकसारखा येतो, क्लासमधल्या बायका विचारतात, कसं काय? मी त्यांना डाव्या हाताची करंगळी दाखवते. ह्यांनी एकदा रागाच्या भरात दारात चिमटवलेली, तेव्हापासून वाकडी. तिच्यात धागा असा बसतो की सुटायचं नाव नाही. बायका हसतात. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, करंगळी अजून उपयोगी पडतेय.

आज रतनचं माप घेतलं. दंडाला टेप लावली तर विस्तवाला हात लागल्यासारखी मागे सरकली. म्हणे गुदगुल्या होतात. मग आपणहून म्हणाली, "आई, बाह्या मनगटापर्यंत करा ना. आणि गळा बंद." मी म्हटलं, अगं डोंबिवलीत कसली थंडी? तर म्हणे, मला फार वाजते थंडी. पोटुशी बाईला कधी काय होईल सांगता येत नाही. केल्या लांब बाह्या. उलट खवल्यांना जागा जास्त मिळाली.

१० जानेवारी १९८८

स्वेटर पुरा. पुढे गळ्यापर्यंत बटणं लावली. गळ्याची पट्टी दोन्हीकडे टोक असलेल्या पोलादी सुयांवर विणली, मोज्यांना वापरतात त्या. त्या सुया अंबाड्यात खोचून ठेवायची माझी सवय, रतन म्हणते डोळ्यात जाईल कुणाच्यातरी.

तिने अंगात घातला आणि मला वाटलं कुंचीच उभी राहिली समोर. निळी, मोठी, चालतीबोलती कुंची. रतन आरशात बघून पहिल्यांदाच हसली. नाहीतर या घरात आल्यापासून तिचं तोंड सदा मिटलेलं. प्रदर्शनापर्यंत वापर म्हटलं, अंगावर बसतो चांगला.

२७ जानेवारी

रतनला पोटभर शिव्या घातल्या आज. महिनाही झाला नाही आणि डावी बाही खांद्यापासून उसवलेली. म्हणे न्हाणीच्या खिळ्याला अडकली.

ही मला लोकर शिकवते! खिळ्याला अडकलं तर एकच धागा ओढला जातो, त्याचा लांब फास निघतो, शेजारचे टाके आवळतात. इथे दंडावर बाहेरून चार ठिकाणी टाके ताणून मोठे झालेत, आतून एका ठिकाणी. आणि खांद्याची शिवण तुटलेली. असला कसला खिळा? मी तिला विचारलं, ती पुन्हा खिळाच म्हणाली. निष्काळजी पोर. खोटं बोलायलाही येत नाही धड.

संध्याकाळपर्यंत दुरुस्त केला. ताणलेले टाके सुईने मागे सरकवले, शिवण नव्याने घातली. इतकी साफ दुरुस्ती की माझी मलाच ओळखू येणार नाही.

१६ फेब्रुवारी

जनाबाईशी कडाकडा भांडले. दुपारी क्लास सुटल्यावर दारात येऊन उभी राहिली. "मालनताई, एक बोलू का? रात्री तुमच्या घरातून आवाज येतात. गेल्या वर्षीपण असंच झालेलं, आणि मग ती पोर पडली ना?"

गेल्या वर्षी रतन न्हाणीत पाय घसरून पडली होती. तिसऱ्या महिन्यातच गेलं. मी जनाबाईला म्हटलं, तुझ्या नवऱ्याने तुला कधी हात लावला नाही का गं? नवरा-बायकोचं वर-खाली होतंच. मी एकोणतीस वर्षं काढली. एक दात गेला, करंगळी गेली, मी कधी भिंतीपलीकडे कळू दिलं नाही. ती म्हणाली, "कळायचं हो ताई. सगळ्या चाळीला कळायचं." मी हातातला तांब्या फेकला. तिच्या कपाळाला लागला, खोक पडली. लागू दे.

कळायचं म्हणे. हे तर तेव्हा रेडिओ मोठ्याने लावायचे. माझी तीच सवय राहिली, उशाशी रेडिओ असल्याशिवाय डोळा लागत नाही. मग मला कुठून ऐकू येणार जनाबाईचे आवाज?

२० मार्च

उकाडा असह्य. क्लासमधल्या बायका पदराने वारा घेतात, आणि माझी सून निळा स्वेटर घालून पोळ्या लाटते! अभिमानाने सांगितलं मी सगळ्यांना, "माझ्या हातचा आहे म्हणून अंगातून काढत नाही. प्रदर्शनात नंबर येवो न येवो, मला बक्षीस मिळालं." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मंजुळा नावाची एक शिकाऊ आहे, ती तर टाके मोजायचे सोडून खाली बघत बसली. मत्सर वाटला असणार. तिच्या सुनेने तिच्या हातची टोपीही कधी घातली नाही.

रतनच्या गळ्यावर घामोळं आलंय. बंद गळ्याचंच हवं होतं ना तिला.

३ एप्रिल

डोहाळजेवण झालं. झालं म्हणजे उरकलं.

धाकूदादा आणि त्यांचा मुलगा मोरू रतनला बाळंतपणाला न्यायला आले होते. सातवा संपत आलाय, रीतच आहे. सुधीर म्हणाला, नाही पाठवत. धाकूदादांनी हात जोडले. "जावई, पयल्या खेपंला पोरीनं आयशीकडं जायचं असतं. गेल्या वक्ताला जालं तं जालं." सुधीर म्हणाला, "गेल्या वक्ताला काय झालं? बोला ना." आणि म्हाताऱ्याच्या छातीवर हात ठेवून ढकललं. धाकूदादा ओटीच्या ताटावर पडले. खोबरं, तांदूळ, खण सगळं जमिनीवर. मोरू अंगावर धावला तर सुधीरने त्याचा गळा धरून दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं, दोनदा. मी मधे पडले म्हणून सुटला.

ते दोघं निघून गेले. रतन तांदूळ वेचत होती. मला सुधीरचा फार राग आला, व्याह्यांसमोर शोभा झाली. पण तोही कारखान्यातल्या टाळेबंदीने जळतोय. संध्याकाळी त्याला त्याच्या आवडीचे तळलेले बांगडे केले. पोटभर जेवला.

९ एप्रिल

उद्या प्रदर्शन. रतनला म्हटलं, दे स्वेटर, धुवून इस्त्री करते. "आज नको आई." उद्या सकाळी न्यायचाय, आज नको म्हणजे काय? "दुसरं काहीतरी न्या ना. नायतर कुंची न्या." माझं डोकं सटकलं. महिनाभर डोळे फोडले ते काय हिने अंगावर मिरवायला? मी तिला भिंतीशी धरलं आणि गळ्यापासून ओढला. बटणं उडाली. ती ओरडली नाही. नुसते डोळे मिटून घेतले, सवय असल्यासारखे.

आत बिनबाह्यांचं पोलकं होतं.

डाव्या दंडावर चार डाग बाहेरून, एक आतून. ज्या ठिकाणचे टाके मी सुईने मागे सरकवले होते, नेमके तिथे. जुने पिवळे, त्यावर नवे काळे. कोपराच्या आत विडीने डागलेल्या गोल खुणा. गळ्यावर घामोळं नव्हतं. पट्ट्याचं बक्कल उमटलेलं होतं.

मी विचारलं, कोणी केलं?

रतनने डोळे उघडले. "तुमाला माहीत नाय? दोन खोल्या हायत, आई. तुमी आत झोपता. तुमचा रेडिओ संपला की मगच त्यो सोडायचा."

मी मोरीत जाऊन बसले. प्रदर्शनाला जाणार नाही.

१२ एप्रिल

हात सुजलाय, तरी लिहिते. नाही लिहिलं तर उद्या मीच काहीतरी वेगळं सांगायला लागेन.

रविवारी दुपारी सुधीर जेवायला बसला तेव्हा मी सांगितलं, रतनला आज कळव्याला पोचवून येते. तिची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. रतन माझ्या मागे, निळा स्वेटर पुन्हा घातलेला, बटणं नसल्याने पदराखाली दाबलेला. तो शांतपणे उठला. इतका शांत की मला वाटलं ऐकतोय. पिशवी उपडी केली, कुंची काढली आणि पेटत्या स्टोव्हवर धरली. ऐंशी वर्षांचा खण आहे, ओल्या लाकडासारखा धुमसत नाही. भपकन पेटला. रेशमाचा जळका वास नाकातून अजून जात नाही. रतनने आगीत हात घातला. त्याने तिचे केस धरले आणि तोंड फळीवर आपटलं. डबे खाली आले, पिठात रक्त. ती खाली बसली, पोटाभोवती दोन्ही हात गुंडाळून. मग त्याने फळीला धरून पाय उचलला, पोटावर घालायला. चेहऱ्यावर राग नव्हता. काम करताना असतो तसा चेहरा होता.

हा चेहरा मी ओळखते. एकोणतीस वर्षं बघितलाय.

माझा हात अंबाड्याकडे गेला. पोलादी सुई काढली आणि उचललेल्या पायाच्या मांडीत घातली. लोकरीतून जाते तशी सहज नाही जात. आधी अडते. मी अंगाचा भार टाकला. मग अर्धी आत गेली.

तो कोसळला आणि पडल्या पडल्या त्याने मला धरलं. माझं डोकं जमिनीवर आपटलं, एक डोळा अजून उघडत नाही. "आई, तू?" असं म्हणत म्हणत मारत होता. मीही मारलं. हाताला लागलं ते, लाटणं, डबा, पितळी तांब्या. तोंडातून काय शिव्या बाहेर पडल्या ते लिहवत नाही. एकोणतीस वर्षांच्या साठवलेल्या होत्या आणि निम्म्या त्याच्या बापाला होत्या.

दार जनाबाईने तोडलं. बरोबर दौलत होता, पुढचा दात नसलेला. त्याने सुधीरच्या छातीवर गुडघा ठेवून त्याला दाबून धरलं. मारलं नाही. फक्त धरून ठेवलं. जनाबाईने रतनला उचललं. तिच्या कपाळावर माझ्या तांब्याचा व्रण अजून आहे.

पोलीस चौकीत सुधीरने सांगितलं, बायकोने भोसकलं. मांडीला पट्टी, कपाळाला पट्टी, आवाज अगदी गरीब. हवालदार लिहायलाच लागला. रतनला आतल्या बाकावर बसवलं होतं, आठवा लागलेली, हात भाजलेले, पदर रक्ताने कडक झालेला. तिने काही सांगायला तोंड उघडलं नाही. तिला वाटलं मी गप्प बसणार. का वाटू नये? आजवर गप्पच होते.

मी म्हटलं, खोडा ते. सुई माझी आहे, मी घातली.

हवालदाराने माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, पोटचा पोरगा आहे. तुम्ही म्हणालात सुनेने केलं, तर कोणी विचारणार नाही. आई आहात. विचार करून बोला."

"विचार करूनच घातली," मी म्हटलं. "पायात घातली. पोटात घालता आली असती."

सुधीर माझ्याकडे बघत होता. लहानपणी तापात बघायचा तसा. मी मान वळवली नाही. माझं सांगणं लिहून होईपर्यंत उभी राहिले आणि खाली सही केली. तिथून सरकारी दवाखाना. डॉक्टर म्हणाले पोटातलं जिवंत आहे. तेव्हा मात्र मी फरशीवर बसले आणि ओरडून रडले, लोक जमा होईपर्यंत.

रतनला मोरू कळव्याला घेऊन गेला. स्वेटर तिने दवाखान्याच्या खाटेवर काढून ठेवला होता. मी घरी आणला.

८ मे

सुधीर आला होता. चौकीत दोन रात्री ठेवून, दम देऊन सोडला त्याला. माझ्याकडून तर नुसता कागदच लिहून घेतला. तो आता एका मित्राकडे राहतो, लंगडतोय. क्लासच्या बायका बसलेल्या होत्या. त्याने टोपल्या उलथल्या, लोकरीचे गुंडे दारातून गटारात फेकले, काचेचं कपाट लाथेने फोडलं. मंजुळाच्या पायात काच घुसली. "तू माझी आई नाहीस. त्या मच्छीवालीसाठी मला भोसकलंस." मी सुई हातात घेऊन उभी राहिले. तो माझ्या हाताकडे बघत राहिला, थुंकला आणि गेला.

बायकांनी काच वेचली. कोणी क्लास सोडला नाही.

तो गेल्यावर त्याचं पहिलं टोपडं काढून बसले. पिवळं, कानाला फुंदे. मीच विणलेलं. असं कसं झालं ते मला कळत नाही. कळतं. तो हात चालवायला शिकला माझ्याच अंगावरून, दाराआडून बघून. मी त्याला जवळ घेऊन म्हणायचे, काही नाही रे बाळा, बाबा दमलेत.

पोरावरची माया जात नाही. सुई काढून घेता येते, माया नाही.

२५ मे

स्वेटर उसवायला घेतला. कुंची जळाली, खवले आता फक्त या निळ्या लोकरीत उरलेत. तर याच लोकरीतून बाळाची कुंची करायची. तान्ह्याला जुनं, वापरलेलंच घालतात, ही लोकर वापरलेली आहे. बाहीपासून सुरुवात केली. दुरुस्तीची गाठ अशी घट्ट होती की कात्रीने कापावी लागली. रक्ताचे डाग निघाले नाहीत तेवढी लोकर टाकून दिली. बाकीची गरम पाण्यातून काढून वाळत घातली.

१९ जून

मुलगी झाली! मंगळवारी झाली, मला आज कळलं, जनाबाईकडून. ती कळव्याच्या बायकांकडून मासळी घेते म्हणून. देव तिच्या तोंडाला कधी टाके न घालो.

कुंची तयारच होती. निळी, पिवळे ठिपके. चांगल्या साडीच्या पदरात गुंडाळली आणि कळव्याला गेले. धाकूदादा ओसरीवर जाळं दुरुस्त करत होते. मला बघून उठले नाहीत, पण दार अडवलंही नाही. मोरूच्या कपाळाला चौकटीचा व्रण राहिलाय. तो आत निघून गेला.

रतन दाराशी बसली होती, बाळ मांडीवर. बिनबाह्यांचं पोलकं. दोन्ही हात खांद्यापर्यंत उघडे. मी आधी बाळाकडे बघायचं सोडून तिच्या हातांकडेच बघत राहिले. डाग गेलेत. विडीच्या खुणा राहिल्यात, बोटांवर भाजल्याची सालपटं. तिने हात झाकले नाहीत. बघू दिले.

मी कुंची पुढे केली. तिने हातात घेतली, उलटी केली, खवल्यांवरून बोट फिरवलं. मग थांबली.

"ही त्याच स्वेटरची लोकर हाय ना?"

"हो गं. जुनंच घालतात ना बाळाला."

बाळाने जांभई दिली. मग तिने कुंचीची नीट घडी घातली, तिच्या पणजीच्या कुंचीची घालायची तशी, आणि माझ्या हातात परत दिली.

"आई, तुमी पोरीला बघायला कवापन या. पन ही नको. हिच्यात मी तीन महिने लपलेले. माज्या पोरीला लपवायचं नाय."

मला वाटलं होतं राग येईल. माझ्या हातचं आजवर कोणी परत केलं नव्हतं. राग आला नाही. ऊर फोडून रडावंसं वाटलं, पण धाकूदादा बघत होते. मी विचारलं, जरा घेऊ का हिला? रतनने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मुठी आवळलेल्या, डोळे मिटलेले. माझी वाकडी करंगळी तिच्या मुठीत दिली, तिने घट्ट धरली.

घरी येऊन कुंची ट्रंकेत टाकली. उद्या बाजारातून पांढरा सुती धागा आणते. कोरा. पहिलं नवं घालत नाहीत म्हणतात, घालू दे. खवलेच विणेन, पण झबलं करेन. बाह्या करणार नाही.